मशीन देण्याआधी मजकूर तपासा: गोव्यातल्या मिडल स्कूलमध्ये विशेष शिक्षक होताना

गोव्यात विशेष शिक्षक म्हणून मिडल स्कूलला लागणार असाल तर पाचवीच्या वर्गाकडे आधी नीट बघा. चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीत बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमात येतं. ज्याला मुळात अक्षरंच जड जातात, त्याच्यापुढे विज्ञान, भूगोल, गणित सगळं एकदम नव्या भाषेत उभं राहतं. मग स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवतं, ‘टॅब द्या, ॲप वाचून दाखवेल.’ ॲप वाचतंही. पण ऐकूनही मुलाला काही कळलं नाही, तर अडचण वाचनाची की भाषेची? मी तोच धडा मराठीत तोंडी सांगते आणि लगेच प्रश्न विचारते. धडाधड उत्तरं आली की समजते, याला विषय कळतो, इंग्रजी कळत नाही. अशा मुलाला आधी मराठी आवाज हवा, इंग्रजी हळूहळू. वाचनदोषाच्या तपासणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेलं ‘डाली’ हे साधन मराठीतही आहे. नुसत्या इंग्रजी चाचणीवरून पाचवीतल्या मुलावर शिक्का मारायला माझा ठाम विरोध आहे, तुम्हीही करा.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त दमवलं ती सांगते. सविस्तर सांगते, कारण बी.एड.मध्ये ती कोणी शिकवली नव्हती.

सहावीतला मुलगा, दृष्टी खूप कमी. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मराठी आवाज लावलेला. मराठीची सराव प्रश्नपत्रिका उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी, आणि हेडफोनमध्ये सुटी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह, तिरकी रेघ. त्यानं हेडफोन काढून माझ्याकडे तोंड वळवलं: ‘टीचर, हें कितें उलयता?’ म्हणजे, हे काय बोलतंय?

लॅपटॉप ठीक होता, आवाजही ठीक होता. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये नव्हती, म्हणजे मराठी अक्षर यंत्राला मराठी म्हणूनच ओळखता येईल अशा पद्धतीत टाइप केलेली नव्हती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. आपल्या डोळ्यांना मुखवटा दिसतो, यंत्र आतलं वाचतं. शाळांच्या संगणकांवर वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, सूचना अशाच पडून आहेत. मुलं ‘हे चालत नाही’ म्हणून यंत्र बाजूला ठेवतात, आणि शेरा पडतो, ‘तंत्रज्ञानात रस नाही.’ हा शेरा वाचला की मला आजही वाईट वाटतं.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. अक्षरांची खिचडी झाली तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर तो नुसता कागदाचा फोटो आहे. जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टरनं बदला, पण नंतर प्रत्येक ओळ स्वतः वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. फोटो असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. स्वच्छ छापील मजकूर बराचसा नीट येतो, तक्ते आणि हस्ताक्षर मात्र हातानंच टाइप करावे लागतात. पीडीएफवर विसंबू नका, मूळ वर्ड फाइल मागा. नवीन सगळं पहिल्यापासून युनिकोडमध्येच: संगणकावरचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येत असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचा जीबोर्ड हा कीबोर्डही चालेल.

आणि ऑफिसात टायपिंग करणाऱ्या क्लार्कशी पहिल्याच आठवड्यात ओळख वाढवा. मुलाला शेजारी बसवून त्यांना एकदा ते हेडफोन कानाला लावायला द्या. परिपत्रकानं होत नाही ते काम यानं होतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दोन तासांच्या वेबिनारच्या प्रमाणपत्रावर कोणी विशेष शिक्षक होत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करा आणि नोंदणी घ्या. मार्गदर्शक मात्र नुसती पदवी बघून निवडू नका. स्क्रीन रीडर शिकायचा तर रोज तो वापरणाऱ्या अंध व्यक्तीकडून शिका. आपण माऊस शोधत बसतो तोवर त्यांचं अर्धं पान ऐकून झालेलं असतं. पणजीत २०२३च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांग व्यक्तींचा महोत्सव, झाला. पुढचा असेल तेव्हा भाषणांपेक्षा उपकरणं वापरणाऱ्यांशी बोलण्यात वेळ घालवा.

सगळी ॲप्स यायलाच हवीत असं नाही, घाबरू नका. न बोलणाऱ्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे, मराठीतही आहे. मूल टॅबवरच्या चित्राला बोट लावतं, ॲप ते बोलून दाखवतं. एकच नियम पाळा: मस्ती केली म्हणून तो टॅब काढून घ्यायचा नाही. ते त्या मुलाचं बोलणं आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे ॲप बोललेलं मराठी पडद्यावर अक्षरांत उमटवतं, पण शिक्षक मराठी-कोकणी मिसळून बोलले की गोंधळ होतो. त्यांना आधी तसं सांगून ठेवा. सत्तरीत, पेडण्यात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. मराठी आवाज फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, टॅब रात्रीच चार्ज करायला घरी सांगा.

पालकांना मात्र लगेच खर्चात पाडू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम १७प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य साहाय्यक उपकरणं मोफत मिळायला हवीत. मागणीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जूनमध्येच द्या, उपकरणाचं नाव आणि ते कशासाठी हवं हे दोन ओळींत लिहा, पोच घ्या, आणि तिची एक प्रत आईवडिलांकडे ठेवा.