आंब्यावरचे तुडतुडे ओळखताना या चुका टाळा

मोहोर फुटला की माझ्याकडे ओळखीसाठी स्पिरिटच्या बाटल्या यायला लागतात. आत पाच-पन्नास तुडतुडे आणि चिठ्ठीवर जातीचं शास्त्रीय नाव आधीच लिहिलेलं: इडिओस्कोपस क्लायपिअलिस. कशावरून ओळखलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाठीवर दोन ठिपके होते."

पंखांच्या मुळाशी जो छोटा त्रिकोण दिसतो, ते स्क्यूटेलम. त्यावर दोन ठिपके क्लायपिअलिसला असतात, तसे अम्रिटोडस ॲटकिन्सोनीलाही असतात, आणि या दोघांची तर जीनसच (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) वेगळी. ॲटकिन्सोनी अंगाने मोठा. क्लायपिअलिस लहान, आणि त्याच्या माथ्यावरही गडद ठिपके. तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असेल तर इडिओस्कोपस नितिड्युलस. बागेत उभ्या उभ्या अंदाज बांधायला एवढं पुरतं. पण नुकतीच कात टाकलेला तुडतुडा फिका असतो, स्पिरिटमध्ये रंग उतरतो, आणि कीटकशास्त्रज्ञ प्रुथींनी 1930 मध्ये वर्णन केलेली नागपुरेन्सिस ही जात तर या ठिपकेवाल्यांच्या हिशेबातच नसते. नुसत्या ठिपक्यांवरून लिहिलेलं नाव मी नोंदवहीत चढवत नाही.

नाव ठरतं ते नराच्या जननांगावरून. पोट अलगद सुटं करायचं, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ पारदर्शक होऊ द्यायचं, पाण्यात धुवायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. इथेच लोक घाई करतात. काही वर्षांपूर्वी मीही केली. तीन बागांमधले नऊ नर होते. प्रत्येकाला वेगळी वाटी घ्यायचा कंटाळा केला आणि नऊही पोटं एकाच काचेच्या वाटीत टाकली. तासाभराने तळाशी नऊ पारदर्शक पोटं होती, सहा एका जातीची, तीन दुसऱ्या. कोणतं पोट कोणत्या बागेतलं, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. अख्ख्या हंगामाचं काम गेलं, आणि ज्यांनी पहाटे उठून फांद्या झोडपून ते नमुने गोळा केले होते त्यांना काय सांगायचं, हे मला सुचेना.

तेव्हापासून एक पोट, एक वाटी, एक क्रमांक. बघून झालं की ते पोट ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला, त्याच्या खाली लावतो. दिवसात सहा-सात नमुनेच होतात. होऊ देत.

याच टप्प्यावरची आणखी एक चूक म्हणजे काचपट्टीवर झाकणकाच दाबून बसवणे. ईडिॲगस, म्हणजे नराच्या जननांगातला मधला नळीसारखा भाग, कलंडतो आणि पुस्तकातली आकृती बाजूने काढलेली असेल तर काहीच जुळत नाही. मग "नवी जात सापडली" म्हणून फोन येतो. थेंबातच सुईने फिरवा. बाजूने आणि मागून, दोन्हीकडून बघा.

मादी एकटीच सापडली तर तिच्यावर जातीचं नाव लिहू नका. त्याच मोहोरावरचे नर शोधा. नसतील तर "इडिओस्कोपस, जात अनिश्चित" हे प्रामाणिक लेबल आहे. पिल्लांनाही हाच नियम.

मराठीत आपण भातावरच्या तपकिरी तुडतुड्यालाही तुडतुडाच म्हणतो. तो डेल्फॅसिडी कुळातला आहे, आंब्यावरचा सिकाडेलिडी कुळातला. मागच्या पायाची नडगी बघा. काट्यांच्या लांब ओळी असतील तर आपला, टोकाला हलणारा मोठा काटा असेल तर भातावरचा.

चिकट सापळ्यातले किडे ओळखीसाठी पाठवू नका. पंख फाटतात, पाय तुटतात.

जुन्या लेखांत नाइव्हिओस्पार्सस दिसलं तर ती वेगळी जात म्हणून मोजू नका, तो नितिड्युलसच आहे. आणि जातीच्या नावापुढे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल कधी कंसात असतं, तो कंस खोडू नका. ॲटकिन्सोनीचं वर्णन लेथियरीने 1889 मध्ये इडिओसेरस जीनसमध्ये केलं होतं. अम्रिटोडस जीनस अनुफ्रिएव्हने 1970 मध्ये केली. म्हणून लेथियरीचं नाव आणि साल कंसात येतं. कंस गेला तर ती जात मुळात याच जीनसमध्ये लिहिली गेली होती, असा अर्थ होतो.

राहिली चिठ्ठी. गाव, तारीख, झाड कोणतं, किडा मोहोरावर होता की सालीच्या फटीत, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेला कागद माझ्यापर्यंत पोचेतो सुटलेला असतो.