पापनिवेदनाला जाताना

मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुरू व्हायला पाच मिनिटं असताना पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, रांगेत उभं राहू नका. फादरही घाईत असतात, तुम्हीही. अर्धा तास आधी या किंवा वेगळी वेळ मागून घ्या.

आधी शांत बसून बायबलमधल्या दहा आज्ञांच्या आधारे मन तपासा. गंभीर पापाचा प्रकार आणि साधारण किती वेळा घडलं, दोन्ही सांगावं लागतं. 'मी व्यवहारात चुकलो' एवढं पुरत नाही. 'गुळाच्या वजनात काटा मारला, वर्षभर, जवळजवळ दर बाजाराला' हे निवेदन झालं. नावं, भांडणाचा इतिहास, सासूचे दोष यांची गरज नाही.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा, मग पापं. फादर प्रायश्चित्त देतील. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, पापक्षमेचे शब्द पूर्ण ऐका आणि प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी करा. काटा मारून घेतलेले पैसे मात्र परत करावेच लागतात, नुसत्या प्रार्थनेने ते फिटत नाहीत.

लाजेपोटी गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर सगळंच निवेदन व्यर्थ जातं. खरोखर विसरलात तर क्षमा मिळालेलीच असते, पुढच्या वेळी तेवढं सांगा. ओळखीचे फादर असले तरी घाबरू नका, ऐकलेलं ते जिवावर बेतलं तरी बोलू शकत नाहीत.

कोल्हापुरात घरात एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट असं असू शकतं. प्रोटेस्टंट जोडीदाराला एरवी पापनिवेदनाचा हा संस्कार देता येत नाही. पण फादरांशी मोकळेपणाने बोलायला त्यांनी जरूर यावं.