संस्थेसाठी वेबमेल निवडताना

वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये उघडून मेल वाचायचं-पाठवायचं साधन. वरूड-मोर्शीकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मेल वापरणारे नाना तऱ्हेचे असतात. हिशेबनीस दिवसभर संगणकासमोर, संत्र्याच्या बागा फिरणारा कर्मचारी फक्त मोबाइलवर, संचालकांना अक्षर मोठं लागतं. म्हणून कोणाला काय आवडतं हे विचारू नका. कोण मेलवर नेमकं कोणतं काम करतो, ते आधी कागदावर उतरवा.

मग मेल आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरून मेल वाचण्याच्या पद्धतीवर, असल्याची खात्री करा. त्यात मेल सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे एकाच खात्याला दोन वेबमेल सुखाने चालतात. पत्त्यांची यादी आणि स्वाक्षरी मात्र सहसा ज्या त्या वेबमेलपाशीच राहते. बदल करण्याआधी पत्ते व्हीकार्डमध्ये, म्हणजे पत्ते साठवायच्या प्रमाणित फाइलीत, उतरवून घ्या. नाहीतर व्यापाऱ्यांचे पत्ते पुन्हा टंकत बसावं लागेल.

पर्यायांत राउंडक्यूब पहिलं बघा. 2019च्या 1.4 आवृत्तीपासून ते मोबाइलच्या पडद्यावर नीट बसतं. नेट रखडत असेल तर स्नॅपीमेल हलकं पडतं. स्क्विरलमेल साधं असलं तरी घेऊ नका. त्याची शेवटची स्थिर आवृत्ती 2011ची आहे. अपडेट कोण करणार, हेही आजच ठरवा. जून 2025मध्ये राउंडक्यूबची एक गंभीर त्रुटी 1.6.11 आणि 1.5.10 मध्ये बुजवली गेली. जुनी आवृत्ती तशीच चालवणं धोक्याचं आहे.

खरी पारख चाचणीत होते. ज्याला मेलची सवय सगळ्यात कमी, त्यालाच बसवा, त्याच्याच फोनवर आणि रेंज कमी असते अशा शिवारात. लॉगिन, पावतीची पीडीएफ उघडणं, मराठी नावाने जुना मेल शोधणं, सातबाऱ्याचा फोटो जोडून पाठवणं, एवढं करायला सांगा. मध्ये बोलू नका, बोट कुठे अडतं ते टिपा.

फोटोपाशी बहुतेकदा अडतंच, आणि दोष वेबमेलच्या माथी मारला जातो. ही वेबमेल ज्यावर चालतात त्या पीएचपी या संगणकीय भाषेत अपलोडची मर्यादा मुळात 2 एमबी असते, मोबाइलचा फोटो सहज त्याहून मोठा. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून ती वाढवून घ्या. शिवाय जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, तेव्हा मेलची मर्यादाही त्या हिशेबाने ठेवा. मगच पुन्हा चाचणी घ्या.

आंबिया बहाराची तोडणी चालू असताना बदल करू नका. नवं सुरू केल्यावरही जुन्याचा दुवा महिनाभर राहू द्या.