वांगावर लिंबू चोळू नका

तासगावला द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या गालांवर तपकिरी वांग हमखास दिसतात. सांगलीत हळद घरचीच, त्यामुळे हळद-लिंबाचा लेप आधी लागतो. पण लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, डाग आणखी गडद होतो. मनाने आणलेली गोरेपणाची ट्यूबही नकोच. अशा कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं; चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ होऊन लाल पडते.

सकाळी एसपीएफ (उन्हापासून किती जपतं तो आकडा) 30 चं सनस्क्रीन दोन बोटांवर लांब रेघ ओढून घ्या, तेवढं सगळं चेहऱ्या-मानेला लावा. उन्हात दर 2 तासांनी परत. टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं, मिळालं तर फारच चांगलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडापासूनही जपतं. स्कार्फवर रुंद काठाची टोपी घाला. गरोदरपणातले वांग बाळंतपणानंतर बरेचदा आपसूक फिके होतात. बाकीच्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फरक पडायला 2-3 महिने लागतात.