नेस्टेड लिस्टला लेव्हलप्रमाणे वेगळा लूक कसा द्यायचा

आधीच क्लिअर करतो, सीएसएसमध्ये (वेबपेजचा लूक ठरवणारी भाषा) "तिसऱ्या लेव्हलचं सगळं पकड" असा तयार सेलेक्टर (स्टाइल कोणाला लावायची ते सांगणारा भाग) नाहीये. पण म्हणून कोणी लेव्हल मोजायला जावास्क्रिप्ट टाका म्हणत असेल तर सरळ दुर्लक्ष करा, तीन-चार लेव्हलला साधं सीएसएस पुरतं.

उदाहरणाला जिल्हा, तालुका, गाव असा नेस्टेड, म्हणजे यादीच्या आत यादी असलेला मेनू घेऊ. पुणे, त्यात मुळशी, त्यात पौड. यूएल (कोडमध्ये ul) म्हणजे अख्खी यादी, एलआय (li) म्हणजे तिच्यातली एक नोंद. आतला यूएल एलआयच्या पोटातच पाहिजे, शेजारी नको.

सगळ्यात बाहेरच्या यूएलला एक क्लास द्या, 'मेनू' म्हणा. (क्लासचं नाव देवनागरीत चालतं, खरंच.)

आता खरी गंमत. सेलेक्टरमधलं बाणाच्या टोकासारखं चिन्ह म्हणजे फक्त थेट आतला, नुसती स्पेस म्हणजे आत कितीही खोल. बहुतेक जण 'यूएल > एलआय' लिहितात आणि समजतात की फक्त पहिली लेव्हल पकडली. अहो, पौडसुद्धा कुठल्यातरी यूएलचा थेट एलआयच आहे ना! सगळ्या लेव्हल पकडल्या जातात. सुरुवात क्लासपासून करा, '.मेनू > एलआय', मग फक्त पुणे सापडतं. इथे लोक कलर लाल करून बघतात, पौडपण लाल दिसतं, आणि मग सेलेक्टर चुकला म्हणून दोन तास डोकं आपटतात. सेलेक्टर बरोबर असतो हो, कलर वारशाने खाली उतरतो. त्यामुळे टेस्ट करताना कलर कधीच वापरू नका, बॉर्डर लावा, ती खाली उतरत नाही, बॉर्डर कुणाभोवती आली ते बघितलं की सेलेक्टरने नक्की कोणाला पकडलं ते लगेच कळतं.

आणि '.मेनू > एलआय > यूएल > एलआय' अशी आगगाडी मला अजिबात पटत नाही, मध्ये कोणी एक डिव्ह (नुसता डबा) घातला की मेली. त्यापेक्षा पहिल्या लेव्हलला '.मेनू एलआय', दुसरीला '.मेनू यूएल एलआय', तिसरीला '.मेनू यूएल यूएल एलआय' असं स्पेस देऊन लिहा. पहिला नियम पौडलापण लागतो, लागू दे, कारण प्रत्येक जादा यूएलने स्पेसिफिसिटी (सेलेक्टरचं वजन) एकने वाढते आणि खोलवरचा नियम आपोआप जिंकतो, मग फाइलमध्ये वर असो की खाली. फक्त प्रत्येक नियमात कलर परत लिहा, म्हणजे वारशाचा प्रश्नच मिटला. इम्पॉर्टंट (नियम जबरदस्तीने जिंकवणारा शब्द, !important) लावायची गरज पडली तर समजा दुसरीकडे कुठेतरी जास्त जड सेलेक्टर बसलाय, तो शोधा.

फॉन्ट साइज ईएममध्ये (बाहेरच्या डब्याच्या फॉन्टच्या पटीत) नको, आरईएममध्ये (अख्ख्या पेजच्या मूळ फॉन्टच्या पटीत) द्या. यूएलला 0.9 ईएम दिलं की प्रत्येक लेव्हलला गुणाकार होतो, 16 पिक्सेलचा फॉन्ट पौडपर्यंत साधारण 11.7 वर येतो.

पॅडिंग सगळ्या यूएलना एकसारखंच ठेवा. ब्राउझर स्वतः डावीकडे 40 पिक्सेल देतो, ते काढून 1 आरईएम करा, डबा डब्यात असल्यामुळे इंडेंट आपोआप वाढत जातो. लेव्हलप्रमाणे 1, 2, 3 आरईएम दिलंत तर त्याची बेरीज 6 आरईएम होऊन मोबाइलवर पौड जवळजवळ पाव स्क्रीन आत जाऊन बसेल.