मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापक

शिक्षिकेच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी माझं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, कधी चुकलं नाही. मुख्याध्यापक ते बघत, सही करत. वर्गात मात्र वर्षभरात एकदाही आले नाहीत. वर्ष सरता सरता मी सहीपुरतंच काम करू लागले. तो आळस नव्हता. मी चांगलं शिकवलं काय नि वाईट काय, कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

पुढच्या वर्षी नव्या मुख्याध्यापक आल्या. पहिल्याच आठवड्यात बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं लिहिणाऱ्या मुलाला तुम्ही काय विचाराल?" मी नियम सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली, तर कमी कसं झालं, हे त्यालाच विचारा ना." दुसऱ्या दिवशी मी तसंच विचारलं. वर्गात वाद पेटला, आणि त्या संध्याकाळी मी आपणहून पुढच्या पाठाची तयारी करत बसले. पगार तोच होता, मुलंही तीच.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलं होतं, की पगार, नियम, देखरेख बिघडले तर माणूस नाराज होतो. पण उमेद येते ती कामातून, यशातून, कदर झाल्याने. त्यांचा अभ्यास अभियंते आणि हिशेबनिसांवरचा, तरी मला तो पटला. (पगारच वेळेवर होत नसेल, तर उमेदीच्या गोष्टी कुणी सांगू नयेत.) शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरचे अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः उतरणं, याचा मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. त्यामागचे अभ्यास मोजकेच होते, पण बाईंनी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून शाळेत नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा जरूर विचारा, मुख्याध्यापक वर्ग पाहायला येतात का, आणि नंतर काय बोलतात. येत नसतील तर तुम्हीच बोलवा. "माझा तास बघा" असं मोघम नको. "वीस मिनिटं या, शेवटच्या रांगेतली मुलं काय करतात तेवढं बघा," असं सांगा. तरीही नाहीच आले, तर शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना हीच विनंती करा आणि त्यांच्या तासाला तुम्ही जाऊन बसा.