महागडं लॅपटॉप अपग्रेड घेताय? या चुका टाळा

मावसभाऊ सीएची आर्टिकलशिप करतो. दिवाळीच्या आधी त्याचा थेट लॅपटॉपच्या दुकानातूनच फोन आला. "दादा, आय५ घेऊ की आय७? अठरा हजार जास्त सांगतायत. एकदाच घ्यायचाय, तर चांगलाच घेऊ ना?"

हे "एकदाच घ्यायचाय" आपल्याकडे फ्रिजपासून सोफ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि दुकानदाराच्या कानाला ते फार गोड लागतं. मी त्याला म्हटलं, स्टिकर सोड, इंटेलच्या प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाच. एक निघाला आय५-१३३५यू आणि दुसरा आय७-१३५५यू. दोन्हींत १० कोअर, १२ थ्रेड, १२ एमबी कॅशे. दोन्ही १५ वॉटचेच. टर्बो वेग (गरज पडली की गाठायचा सगळ्यात जास्त वेग) एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५, म्हणजे कागदावरसुद्धा जेमतेम नऊ टक्के. आय७चं आतलं ग्राफिक्स थोडं सरस आहे, पण टॅलीला त्याचं काय? शिवाय पातळ लॅपटॉपमध्ये तो टर्बो वेग थोडा वेळच टिकतो. एकदा आतलं तापलं की दोघंही जवळपास एकाच चालीवर येतात.

त्याने आय५च घेतला आणि वाचलेल्या पैशांतून ८ जीबीची रॅम (चालू कामांसाठीची मेमरी) १६ करून घेतली. अपग्रेड महाग आहे की स्वस्त हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. ते अपग्रेड नंतर करता येणार आहे का, आणि तुमचं काम आत्ता नेमकं कशामुळे अडतंय, ही दोन उत्तरं हातात असतील तर किमतीचं गणित पाच मिनिटांत सुटतं. ती नसली की पुढच्या चुका होतात.

चूक: आय५, आय७ एवढंच बघणं

नंबराच्या शेवटचं अक्षर त्याच्या आधीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत 'यू' म्हणजे कमी वीज, 'एच' म्हणजे ताकदीचा, 'एचएक्स' म्हणजे त्याहून दांडगा आणि तापणारा. 'एच' असलेला आय५ हा 'यू' असलेल्या आय७ला व्हिडिओ एक्सपोर्टसारख्या कामात आरामात मागे टाकू शकतो. मात्र त्याची बॅटरी लवकर उतरते आणि पंखा ऐकू येतो.

इंटेलच्या स्पर्धक एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तर नावाने भलेभले फसले. तिथे तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू बाजारात आला २०२२मध्ये, पण आत झेन २ रचना, जी मुळात २०१९ची. रायझन ७ ७७३०यू झेन ३चा आणि रायझन ७ ७८४०यू झेन ४चा. यातले शेवटचे दोन दुकानाच्या कार्डावर निव्वळ 'रायझन ७' म्हणून शेजारी शेजारी बसतात. तेव्हा विक्रेत्याला पूर्ण नंबर विचारा. "सेमच असतं साहेब" असं उत्तर आलं तर डबा बघायला मागा.

चूक: रॅम न मोजता रॅम वाढवणं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वसूलही इथेच होतात.

आधी मोजा. नेहमीची सगळी कामं उघडा, लॅपटॉप जिथे रडतो तिथपर्यंत न्या आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ७० टक्के वापर दिसला म्हणून घाबरू नका. प्रोग्रॅम रॅम मोकळी पाहिली की पसरतात, आणि उरलेल्या जागेत विंडोज लागणाऱ्या फायली आधीच आणून ठेवतं. मेमरी ९०च्या पुढे आणि त्याच वेळी डिस्कची धावपळ चालू, हे दोन्ही एकत्र दिसलं तर समजा रॅम कमी पडतेय आणि मशीन डिस्कवर उसनवारी करतंय. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो. तो हिरवा असेल तर जास्त रॅमने काही फरक पडणार नाही. कामाच्या वेळी सतत पिवळा किंवा लाल असेल तरच विचार करा.

त्याच विंडोजच्या पानावर खाली स्लॉट किती आणि वापरलेले किती ते दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डवर डाखलेली (सोल्डर केलेली) आहे, विषय संपला. काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी डाखलेली आणि एक स्लॉट रिकामा असतो, त्यामुळे निर्मात्याच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून खात्री करून घ्या.

डाखलेली असेल तर निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. अ‍ॅपलने मॅकबुक प्रोमध्ये २०१२च्या रेटिना मॉडेलपासून हा रस्ता धरला. इंटेलच्या २०२४मधल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते, १६ किंवा ३२ जीबी, मधलं काही नाही. भारतात मॅकबुक एअरच्या १६ जीबीवरून २४वर जायला अ‍ॅपल २०,००० रुपये घेत आलंय. आठ जीबीला वीस हजार! बाजारातल्या रॅमच्या सुट्या स्टिकशी तुलना केली तर ही लूटच वाटते. पण तुलना चुकीची आहे, कारण ती स्टिक तुम्ही त्यात कधीच घालू शकणार नाही. तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच: आज वीस हजार, नाहीतर चार वर्षांनी आख्खा लॅपटॉप. ऑक्टोबर २०२४पासून एअर आणि प्रोची सुरुवातच १६ जीबीपासून होते, त्यामुळे लिखाण, ऑफिस, ऑनलाइन वर्ग एवढंच असेल तर ते वीस हजार खिशात राहू द्या. त्याआधीचा ८ जीबीचा सेकंडहँड मॅक कोणी "कंडिशन एकदम मस्त" म्हणून दाखवत असेल तर मात्र दोनदा विचार करा.

रॅम काढता-घालता येत असेल तर आजवरचा सोपा सल्ला होता: बेस मॉडेल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन स्वस्तात स्टिक टाका. २०२५च्या अखेरीस या सल्ल्याची वाट लागली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा इतक्या उचलल्या की किरकोळ बाजारात भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आता सवयीने "नंतर टाकू" म्हणू नका. कंपनी रॅमचे किती जास्त घेतेय आणि बाहेर स्टिक कितीला पडतेय, दोन्ही आकडे त्याच दिवशी शेजारी मांडा. कधी नव्हे ते कंपनीचा भाव बरा निघू शकतो.

स्टिक विकत घेताना डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) हे नीट बघा. लॅपटॉपच्या डीडीआर४ला २६० पिना असतात, डीडीआर५ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी. बसत नाही म्हणून जोर लावू नका. दोन वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतील, ते ठीक आहे. ८ची एकच स्टिक असेल तर शेजारी दुसरी ८ची टाकणं फायद्याचं, कारण मग दोन चॅनल, म्हणजे रॅमकडे जायला दोन रस्ते, मिळतात आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला तेवढ्याने चांगलाच दम येतो.

रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच राहिली तर

घाबरू नका, आणि लगेच पॉवरचं बटण दाबून बंदही करू नका. डीडीआर५ची मशीन नवी स्टिक पाहिली की पहिल्यांदा तिची तालीम घेतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहू शकते. पाच-सात मिनिटं थांबा. तरी काही झालं नाही तर बंद करा, चार्जर काढा, आतल्या बॅटरीची पिन सोडवा, स्टिक काढून तिरकी घाला आणि दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक' आवाज करेपर्यंत खाली दाबा. दहातल्या बहुतेक वेळा स्टिक अर्धवट बसलेली असते. मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळेल. चालू झाल्यावर अधूनमधून निळी स्क्रीन येत असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत चालवा.

चूक: एसएसडीच्या आकड्यांना भुलणं

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर (काही न फिरता चिपांवर साठवणारी डिस्क) जाणं हे एकमेव अपग्रेड आहे जे आजीलासुद्धा जाणवतं. डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, त्याहून वेगवान जोडणीची एनव्हीएमई जेन ३ (तिसरी पिढी) साडेतीन हजार आणि जेन ४ सात हजारांपर्यंत. पहिली उडी आयुष्य बदलते. शेवटची उडी बहुतेकांना स्टॉपवॉच घेऊनही सापडत नाही, कारण एक्सेल उघडताना डिस्कला सात हजारांनी कोणी विचारतच नाही. रोज शेकडो जीबीचं फुटेज हलवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

जागा हवी असेल तर अजून एक हिशोब. अ‍ॅपलकडेच नाही, कोणत्याही कंपनीकडे आतली मोठी साठवण महाग पडते. लग्नाचे फोटो आणि जुने प्रोजेक्ट यूएसबीच्या एसएसडीवर सुखाने राहतात. अपवाद एक सांगतो: २०२२च्या एम२ मॅकबुक एअरच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये साठवणीची एकच चिप होती, म्हणून ती ५१२ जीबीच्या मॉडेलपेक्षा बरीच हळू चालायची. सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

स्वतः बदलत असाल तर लांबी मोजा. २२८०, २२४२, २२३० हे आकडे म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि पुढे लांबी. लहान जागेत मोठी पट्टी बसत नाही. स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा तेही आधी बघा.

आणि हे मी स्वतः भोगलंय: वहिनीच्या लॅपटॉपची एसएसडी बदलली, क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) झकास झाला, चालू केला तर समोर निळं पान. ४८ अंकी बिटलॉकर की, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली, द्या. मला ते कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, चालू आहे हेच माहीत नव्हतं. की असते मायक्रोसॉफ्ट खात्यात, म्हणून तिथे गेलो, तर खातंच वहिनीचं नाही! खरेदीच्या दिवशी दुकानातल्या पोराने सेटअप करताना घाईत आपल्याच ईमेलने खातं उघडून दिलं होतं. नशीब, जुनी एसएसडी पुसली नव्हती. ती परत घातली, एन्क्रिप्शन बंद केलं, मग पुन्हा क्लोन. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ती की कागदावर उतरवा किंवा एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा. आणि नवीन क्लोन आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

चूक: ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचून थांबणं

लॅपटॉपचं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही असू शकतं. नाव तेच, ताकद वेगळी. पातळ मशीनमधलं महाग कार्ड जाड मशीनमधल्या स्वस्त कार्डाकडून मार खातं. लॅपटॉपच्या ४०६० आणि ४०७०, दोघांकडे ८ जीबीच मेमरी आहे, त्यामुळे मेमरीवर अडणाऱ्या कामासाठी मधले पैसे भरून काही साधत नाही. लॅपटॉपचं ४०९० म्हणजे १६ जीबी आणि डेस्कटॉपच्या ४०८०ची चिप, डेस्कटॉपचं ४०९० २४ जीबीचं. वॉटचा आकडा मागा. आर्किटेक्चरला असलेल्या मुलांच्या पालकांनी तर नक्कीच.

चूक: आजार एक, औषध दुसरं

एका ओळखीच्यांचा लॅपटॉप "फार स्लो झालाय" म्हणून आला. रॅम १६, एसएसडी होती. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग काही केल्या एक गिगाहर्ट्झच्या वर जाईना. जुना चार्जर गेल्यावर त्यांनी रस्त्यावरून स्वस्तातला घेतला होता. अनेक लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॉटचा अडॅप्टर लागला की प्रोसेसरला मुद्दाम लगाम घालतात. मूळ वॉटचा चार्जर लावला आणि तो पळायला लागला. पंख्यात अडकलेली धूळ आणि गादीवर ठेवून वापरण्याची सवय यांचाही परिणाम असाच होतो. ही साफसफाई रॅमच्या भावाच्या तुलनेत फुकटात होते.

वय पण बघा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. सातव्या पिढीच्या मशीनवर दहा हजार खर्चायचे असतील तर ते लिनक्ससाठी (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) खर्चताय हे मनात पक्कं असू द्या.

पैसे द्यायचेच असतील तर

स्क्रीनवर द्या. ती पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर असते आणि नंतर बदलणं परवडत नाही. २५० निट्स (उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांचा आवाका) लिहिलेलं पॅनल म्हणजे फिके रंग, आणि खिडकीशी बसलात तर स्वतःचाच चेहरा दिसतो. ३०० निट्सच्या वर आणि पूर्ण एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) मिळत असेल तर चार-पाच हजार मी डोळे झाकून देतो. १४ इंचावर ४केसाठी नाही देत; अक्षरांत फारसा फरक कळत नाही आणि बॅटरी मात्र खाल्ली जाते. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिल व्यवसायाच्या नावावर घ्यावं, १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट (पुढच्या करातून वजा होणारी रक्कम) मिळत असेल तर ते एखाद्या अपग्रेडएवढं होतं.

काढलेली जुनी स्टिक टाकू नका. सर्व्हिस सेंटरला मशीन द्यायची वेळ आली तर मूळ रॅम परत घालून द्या, म्हणजे वाद होत नाही. माझ्या कपाटात अशा चार-पाच स्टिक वर्षानुवर्षं पडून होत्या, घरचे भंगार म्हणायचे. मागच्या आठवड्यात मावसभावानेच फोन करून विचारलं, "दादा, तुझ्याकडची ती जुनी ८ची आहे का अजून? ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे."